कंसातला अणुभार

मूलद्रव्यांचा भिंतीवर टांगायचा एक तक्ता. गुळगुळीत कागद, वरखाली टिनाची पट्टी, कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतो तसाच. तळाशी वेगळ्या काढलेल्या दोन ओळींपैकी वरच्या ओळीत ६० क्रमांकाच्या निओडिमियमखाली १४४.२४, ६२ क्रमांकाच्या समेरियमखाली १५०.३६ आणि मधल्या प्रोमेथियमखाली नुसतं १४५. काळजीपूर्वक छापलेल्या तक्त्यात हा आकडा चौकोनी कंसात असतो. इथे छापणाऱ्याने कंस गाळले होते. बहुधा सगळ्या चौकटी सारख्या दिसाव्यात म्हणून. चूक क्षुल्लक, शंभरातल्या नव्व्याण्णव जणांच्या लक्षातही येणार नाही. पण ती डोक्यातून जाईना, कारण या मूलद्रव्याची सगळी हकीकत त्या दोन कंसांतच आहे.

कंसाचा अर्थ एवढाच, की हे निसर्गात सापडणाऱ्या नमुन्याचं सरासरी वजन नाही. सरासरी काढायला निसर्गात माल तर हवा! मग ज्या समस्थानिकाचं (त्याच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूचं) आयुष्य सर्वांत लांब, त्याचा वस्तुमानांक लिहून वेळ निभावतात. प्रोमेथियमच्या बाबतीत तो १४५, अर्धायु (निम्मा माल क्षय पावायला लागणारा काळ) १७.७ वर्षं. गंमत अशी, की हा १४५ कुणाच्या हाती फारसा लागतच नाही. अणुभट्टीत युरेनियम फुटतं तेव्हा १४५ वस्तुमानाच्या तुकड्यांची, एकातून दुसरं होत जाणारी साखळी निओडिमियमपाशी येऊन थांबते, कारण निओडिमियम-१४५ स्थिर आहे. १४७ ची साखळी मात्र तिथे थांबत नाही. निओडिमियम-१४७ चं अकरा दिवसांच्या अर्धायुने प्रोमेथियम-१४७ होतं, आणि त्याचं २.६२ वर्षांच्या अर्धायुने समेरियम-१४७. प्रोमेथियम आजवर जिथे कामाला लावलं गेलं, तिथे बहुतेक वेळा हेच १४७. म्हणजे तक्त्यातला आकडा एका समस्थानिकाचा आणि कुपीतला माल दुसऱ्याचा. शिवाय कुपीत किती माल आहे ते सांगायचं, तर कोणत्या तारखेला, हेही सांगावं लागतं.

अलीकडे-पलीकडे सगळी स्थिर मूलद्रव्यं असताना ६१ च्याच वाट्याला हे का यावं? उत्तर १९३४ साली भौतिकशास्त्रज्ञ मॅटाउखने मांडलेल्या नियमात आहे: ज्यांचं वस्तुमान सारखं पण प्रोटॉनची संख्या एकानेच वेगळी, अशी दोन्ही अणुकेंद्रं स्थिर असू शकत नाहीत. दोहोंतलं जास्त ऊर्जेचं केंद्र आज ना उद्या दुसऱ्यात बदलतं. विषम वस्तुमानाच्या प्रत्येक आकड्याला एकच जागा. आता यादी बघा. १४३ ची जागा निओडिमियमने घेतली, १४५ ची पण त्यानेच. १४७ आणि १४९ समेरियमकडे. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून दोन्ही बाकं धरून ठेवावीत, तसा हा प्रकार. उरले सम आकडे. पण ६१ प्रोटॉन विषम, वस्तुमान सम म्हटलं की न्यूट्रॉनही विषम, आणि दोन्ही विषम असलेलं जड केंद्र टिकत नाही. निसर्गातल्या निओडिमियमचे सात समस्थानिक आहेत, समेरियमचेही सात. मधल्याला एकही नाही. ४३ क्रमांकाच्या टेक्नेशियमची हीच गत. शिशापर्यंतच्या सगळ्या मूलद्रव्यांत असे दोनच अभागी.

अगदी शून्य म्हणता येणार नाही. युरेनियम-२३८ आपोआप फुटताना आणि युरोपियम-१५१ चा अतिमंद अल्फा-क्षय (केंद्रातून दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन एकदम सुटणं) होताना थोडं प्रोमेथियम तयार होत राहतं, तेवढंच क्षय पावत राहतं. पृथ्वीच्या सगळ्या कवचात मिळून ते कोणत्याही क्षणी अर्ध्या किलोच्या आसपास असावं असा अंदाज आहे. केरळ-ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूतून निओडिमियम निघतं, समेरियम निघतं. त्या दोघांमधला अंश कितीही बारकाईने वेगळा केला तरी हाती काही लागणार नाही.

पण हे माहीत नसताना लोकांनी तो वेगळा केला, हजारो वेळा केला. प्राग येथील रसायनशास्त्रज्ञ ब्राउनरने १९०२ मध्येच म्हटलं होतं, की निओडिमियम आणि समेरियम यांच्यातलं अंतर जरा जास्तच आहे, मध्ये कुणीतरी असावं. १९१४ मध्ये मोझलीने क्ष-किरणांच्या वर्णरेषांवरून अणुअंक मोजायची रीत काढली आणि ६१ ची जागा रिकामी आहे हे पक्कं झालं. पुढच्याच वर्षी तो गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला. १९२६ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉयच्या गटाने आपल्याला ते सापडल्याचं सांगून ‘इलिनियम’ नाव ठेवलं. लगेच फ्लॉरेन्सचे रोला आणि फर्नांडेस पुढे आले: आम्ही तर १९२४ मध्येच मोहोरबंद पाकीट इटलीच्या विज्ञान अकादमीकडे ठेवलं होतं, नाव ‘फ्लोरेन्शियम’. अग्रक्रमावरून बरीच जुंपली. भांडण ज्या वस्तूवरून, ती दोघांच्याही परीक्षानळीत नव्हती. या मंडळींना हसणं सोपं आहे. पण दुहेरी नायट्रेटांचे खडे पाडायचे, गाळायचे, पुन्हा विरघळवायचे, असं वर्षानुवर्षं केल्यावर फोटोच्या काचेवर अंधूक रेष दिसली, तर ती हवी तीच आहे असं वाटणारच. त्या कष्टांतून निओडिमियम आणि समेरियम मात्र कधी नव्हे इतके शुद्ध मिळाले.

खरं प्रोमेथियम मिळालं ते खाणीतून नव्हे, राखेतून. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या ओक रिजच्या क्लिंटन प्रयोगशाळेत मारिन्स्की, ग्लेंडेनिन आणि कोरिएल हे ग्रॅफाइट भट्टीतल्या विखंडनाच्या अवशेषांवर काम करत होते. युरेनियम-२३५ चे शंभर अणू फुटले की त्यांतल्या सव्वादोन फुटींतून १४७ ची साखळी निघते. हिशेब केला तर एक किलो युरेनियम-२३५ पूर्ण फुटलं की सुमारे १४ ग्रॅम. माल भरपूर, पण मिसळलेला कुणात? लॅन्थनम, सिरियम, निओडिमियम, समेरियम अशा सख्ख्या भावंडांत. सगळ्यांचा भार अधिक तीन, सगळ्यांची रसायनं जवळपास सारखी. फरक फक्त आयनाच्या आकारात, आणि तोही किती? निओडिमियमच्या आयनाची त्रिज्या ९८ पिकोमीटर, प्रोमेथियमची ९७, समेरियमची ९६ च्या जरा खाली.

त्या एका पिकोमीटरवर सगळी मदार. रेझिनचे दाणे भरलेल्या उभ्या काचनळीत वरून मिश्रण सोडायचं. सगळे आयन दाण्यांना चिकटून बसतात. मग अमोनियम सायट्रेटचं किंचित आम्लधर्मी द्रावण थेंब-थेंब सोडायचं. आयन जितका लहान, तितकं सायट्रेट त्याला घट्ट धरतं आणि दाण्यावरून सोडवून खाली नेतं. म्हणून जड आधी, हलकी नंतर: समेरियम, मग ६१, मग निओडिमियम. एका पायरीत फरक जेमतेम. नळीभर खाली येईपर्यंत ती पायरी शेकडो वेळा घडते म्हणून पट्टे सुटे होतात. बिघडायला इथे पुष्कळ वाव आहे. सामू (पीएच) जरा वर गेला की सायट्रेट सगळ्यांनाच उचलतं आणि पट्टे एकमेकांवर चढतात. खाली गेला तर काहीच हलत नाही. घाईने धार वाढवली की प्रत्येक पट्ट्याला मागे शेपूट फुटतं आणि समेरियमचं शेपूट थेट ६१ मध्ये घुसतं. माल फार किरणोत्सारी असेल तर पाण्याचंच विघटन होऊन वायूचे बुडबुडे होतात, रेझिनमध्ये भेगा पडतात आणि द्रावण त्या भेगांतून सरळ निसटतं. पुढे सायट्रेटच्या जागी डीटीपीएसारखी जास्त घट्ट पकडणारी संयुगं आली आणि बुडबुडे दाबून टाकायला दाबाखाली चालणाऱ्या नळ्या आल्या. तत्त्व तेच राहिलं.

शोध १९४५ चा, जाहीर झाला १९४७ मध्ये. युद्धाच्या कामापुढे सवड नव्हती. नाव सुचवलं कोरिएलच्या पत्नी ग्रेस मेरी यांनी, देवांकडून अग्नी चोरणाऱ्या प्रोमिथियसवरून.

मग गुणधर्म. क्षार गुलाबी, निओडिमियमचे जांभळट आणि समेरियमचे पिवळट, त्यांच्यामध्ये शोभेल असा रंग. अंधारात ते फिकट निळसर-हिरवट चमकतात. ते सौंदर्य नव्हे, स्वतःच्याच बीटा किरणांचा, म्हणजे क्षयातून सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा मारा. धातू पहिल्यांदा मिळाला १९६३ मध्ये: एका टॅन्टॅलमच्या मुशीत प्रोमेथियम फ्लोराइड, ती दुसऱ्या टॅन्टॅलमच्या मुशीत, बाहेरच्या मुशीत दहापट जादा लिथियम, आणि सगळं निर्वातात तापवलेलं. लिथियम फ्लोरीन ओढून घेतं, मागे धातू उरतो. घनता सुमारे ७.२६, वितळणबिंदू १०४२ अंश सेल्सिअस. एक ग्रॅम शुद्ध प्रोमेथियम-१४७ मध्ये दर सेकंदाला सुमारे ३४ लाख कोटी अणू फुटतात आणि ०.३४ वॉट उष्णता निघते. हाताला कोमट लागेल एवढी, अर्थात हात लावायचा नसतो.

यातला प्रत्येक आकडा मोजताना एक अडचण पाठ सोडत नाही. मूस थंड होईपर्यंत नमुना बदललेला असतो. महिन्याभरात सव्वादोन टक्के प्रोमेथियमचं समेरियम झालेलं असतं, वर्षात तेवीस टक्के. शुद्धतेचा दाखला दिला त्या दिवसापासून तो खोटा ठरत जातो. स्फटिकाच्या जाळीत नको असलेला पाहुणा बसतो, शिवाय किरणांनी जाळीच विस्कटते. त्यामुळे इतर लॅन्थनाइडांच्या (तक्त्याच्या तळातल्या त्या वरच्या ओळीतल्या भावंडांच्या) रकान्यात जिथे तीन-चार दशांश स्थळं असतात, तिथे प्रोमेथियमच्या रकान्यात अनेकदा अंदाज किंवा शेजाऱ्यांवरून काढलेली सरासरी असते. द्रावणात त्याचा बंध नेमका किती लांब, हे कळायला २०२४ उजाडलं. ओक रिजच्याच गटाने, प्लुटोनियम-२३८ बनवताना उरणाऱ्या द्रावणातून प्रोमेथियम वेगळं करून, त्याला सेंद्रिय रेणूच्या पकडीत बसवलं आणि ब्रुकहेवन प्रयोगशाळेतल्या सिंक्रोट्रॉन नावाच्या कणवेगवर्धकावर क्ष-किरणांनी बंध मोजला. लॅन्थनाइडांच्या रांगेत उजवीकडे जाताना अणू आक्रसत जातात हे जुनंच. प्रोमेथियमपर्यंत तो आक्रस वेगाने होतो आणि पुढे मंदावतो, हे त्यातून दिसलं. रांगेतला हरवलेला बिंदू नेमका वळणावरचा निघाला.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट. प्रोमेथियमपासून झालेलं समेरियम-१४७ हेही किरणोत्सारीच आहे, पण त्याचं अर्धायु १०,६०० कोटी वर्षं. ते अल्फा कण टाकतं आणि निओडिमियम-१४३ होतं. म्हणजे ६२ वरून थेट ६०. मधल्या घराला पाय न लावता. खडकांची वयं काढायची एक भरवशाची पद्धत याच उडीवर चालते.

तारापूरसारख्या अणुवीज केंद्रात प्रोमेथियम कुणाला दिसत नाही, पण त्याची दखल घ्यावीच लागते. तिथे महत्त्वाचं १४७ नव्हे, १४९. त्याचं अर्धायु ५३ तास, आणि त्यातून होतं समेरियम-१४९, न्यूट्रॉन गिळण्यात अट्टल. भट्टी चालू असते तोवर समेरियम तयार होतं तसं न्यूट्रॉन खाऊन संपतही जातं, तोल राहतो. भट्टी बंद केली की खायला न्यूट्रॉन नाहीत, पण साठलेलं प्रोमेथियम-१४९ क्षय पावतच असतं. दोन आठवड्यांत ते जवळपास सगळं समेरियम होऊन बसतं. असंच न्यूट्रॉन गिळणाऱ्या झेनॉन-१३५ चं विष सगळ्यांना माहीत असतं, कारण ते बंद केल्यावर दहा-अकरा तासांत डोकं वर काढतं आणि दोन-तीन दिवसांत ओसरतं. समेरियम-१४९ स्थिर आहे, ते आपणहून ओसरत नाही. भट्टी पुन्हा सुरू करताना तेवढा वाढीव शोष हिशेबात धरावा लागतो आणि ते जाळायलाही भट्टीच चालवावी लागते.

१४७ कडे परत येऊ. त्याचा स्वभाव निरुपद्रवी वाटावा असा आहे. बीटा किरणांची कमाल ऊर्जा २२५ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट, सरासरी ६२. गॅमा जवळजवळ नाहीच. अर्धा मिलिमीटर पाणी किंवा अर्ध्या मीटरहून कमी हवा त्यांना पुरी पडते. ही निरुपद्रविताच फसवते. जाड काचेच्या भिंतीचा साधा गायगर मोजक घेऊन टेबल तपासलं तर काटा हलत नाही आणि टेबल स्वच्छ वाटतं. बीटा मोजकाच्या भिंतीतच मेलेले असतात. अभ्रकाची पातळ खिडकी असलेला मोजक हवा, तोही टेबलाच्या अगदी जवळ धरून. त्याहून चांगलं म्हणजे ओल्या गाळणकागदाने जागा पुसून तो द्रव-प्रस्फुरण मोजकात घालणं. शरीरात गेलं तर हे हाडांत आणि यकृतात बसतं, म्हणून भुकटीचं काम ग्लोव्हबॉक्समध्येच. माल जुना किंवा भट्टीत फार काळ राहिलेला असेल तर त्यात थोडं प्रोमेथियम-१४६ असतं आणि त्याचे ४५४ व ७४७ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टचे गॅमा ॲक्रिलिकच्या आडोशाला जुमानत नाहीत. सत्तरच्या दशकात पेसमेकरसाठी ‘बीटासेल’ नावाचा प्रोमेथियमचा विद्युतघट आला. त्याच्या मालातून १४६ किती काढून टाकायचं, हा मोठाच प्रश्न होता. रुग्णाच्या छातीत गॅमा नकोत. घट चालला, शंभरावर लोकांच्या शरीरात बसला. पण लिथियमचे घट आले आणि परवाने, कागदपत्रं, स्मशानातली खबरदारी हे सगळं कुणाला नकोच होतं.

घड्याळाच्या काट्यांवरही ते काही काळ होतं. झिंक सल्फाइडमध्ये प्रोमेथियम मिसळलेला रंग रात्रभर हिरवा उजळायचा, रेडियमपेक्षा कितीतरी सुरक्षित. रेडियमच्या तबकडीत झिंक सल्फाइड आधी मरतं आणि रेडियम तसंच धगधगत राहतं. प्रोमेथियमच्या तबकडीत दोन्ही सोबतच विझतात: दहा वर्षांत मूळ मालाचा सात टक्के उरतो, आणि उजेड त्याहून लवकर ढळतो, कारण बीटाच्या माऱ्याने सल्फाइडही थकलेलं असतं. असं जुनं घड्याळ विकत घेणारे ‘रंग खराब झाला’ म्हणतात. रंग खराब झालेला नाही, त्याची मुदत संपली. १९९३ मध्ये जपानच्या नेमोटो कंपनीने स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटचा बिनकिरणोत्सारी रंग काढला आणि हा बाजार उठला. त्या नव्या रंगात चमक आणतात युरोपियम आणि डिस्प्रोशियम, प्रोमेथियमच्याच ओळीतले दोघे.

आज प्रोमेथियम भेटण्याची खरी जागा म्हणजे प्लॅस्टिक फिल्म किंवा कागदाचा कारखाना. तिथे जाडी मोजणारं गेज असतं: चालत्या फिल्मच्या एका बाजूला प्रोमेथियमचा स्रोत, दुसऱ्या बाजूला बीटा मोजणारा आयनीकरण कक्ष. किती बीटा पलीकडे पोचले त्यावरून जीएसएम, म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम. प्रोमेथियमचे निम्मे बीटा साधारण ५० जीएसएमला अडतात, त्यामुळे पातळ मालाला हाच बरा. जाड मालाला क्रिप्टॉन-८५, त्याहून जाडीला स्ट्रॉन्शियम-९०. उदाहरणार्थ १८.५ गिगाबेकरेलचा स्रोत घ्या (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक क्षय). त्यात प्रोमेथियम असतं अर्ध्या मिलिग्रॅमच्या किंचित वर. वीस मायक्रॉनची पॉलिथिन फिल्म म्हणजे साधारण साडेअठरा जीएसएम, ती जवळपास चौथा हिस्सा बीटा अडवते. पण स्रोत आणि मोजक यांच्यातली एक सेंटिमीटर हवासुद्धा १२ जीएसएमच आहे. शेडमधलं तापमान दुपारी दहा अंशांनी चढलं की ती हवा ०.४ जीएसएमने हलकी होते आणि गेज म्हणतं फिल्म दोन टक्क्यांनी पातळ झाली. ऑटो कंट्रोल लगेच फिल्म ओतणाऱ्या डायमधून जास्त माल सोडतो. रात्रीची शिफ्ट आणि दुपारची शिफ्ट एकमेकांवर खापर फोडतात. स्रोत आणि मोजक यांच्यातल्या फटीतलं तापमान मोजून भरपाई करणारी तार तुटलेली असते, एवढंच.

दुसरं नेहमीचं दुखणं म्हणजे खिडकीवरची धूळ. बीटा दुबळे, म्हणून स्रोताची खिडकी धातूच्या अगदी पातळ पापुद्र्याची. तिच्यावर बसलेली एक जीएसएम धूळ गेजला फिल्मच वाटते. हेड (स्रोत आणि मोजक बसवलेला भाग) फिल्मबाहेर नेऊन कोऱ्या हवेवर शून्य घेतलं की ती वजा होते, म्हणून हे ठरावीक वेळाने करायचंच. त्यानेच स्रोताचा क्षयही भरून निघतो. क्षयाने वाढणारा गोंगाट (आकड्यांची थरथर) मात्र भरून निघत नाही: २.६ वर्षांनी मोजणी निम्मी, गोंगाट १.४ पट; सव्वापाच वर्षांनी मोजणी पाव, गोंगाट दुप्पट. आकडे नाचायला लागले की मेंटेनन्सवाले मोजकाचा बोर्ड बदलतात, केबल बदलतात. आधी स्रोताच्या पाटीवरची तारीख वाचावी. आणि धूळ काढायला ब्रश, पत्रा किंवा सॉल्व्हंटचा बोळा कधीच वापरायचा नाही. पापुद्रा फाटला तर आतला माल फिल्मच्या रोलवर जातो आणि साधा मोजक काही बोलत नाही. पुसून केलेली गळती-चाचणी याच कारणासाठी. बोळ्यावर १८५ बेकरेलच्या वर काही आढळलं तर स्रोत गळतो असं धरून यंत्र थांबवायचं.

स्रोत कामातून गेला म्हणजे किरणोत्सार संपला असं नव्हे. १८.५ गिगाबेकरेलचा स्रोत दहा वर्षांनीही १.३ गिगाबेकरेलचा असतो. किरणोत्साराच्या नियमांतून सूट मिळण्याची मर्यादा १० मेगाबेकरेल, तिथवर उतरायला साडेअठ्ठावीस वर्षं लागतात. एवढ्या काळात लाइन विकली जाते, मालक बदलतो, पाटी झिजते आणि हेड भंगारात जायची वेळ येते. तेव्हा शटर बंद करून कुलूप लावायचं, शटर अडकलं असेल तर ते ठोकायचं नाही, हेड न उघडता जसंच्या तसं वेगळ्या खोलीत ठेवायचं, आणि मुंबईत अणुशक्तीनगरच्या एईआरबीला (अणुऊर्जा नियामक मंडळाला) कळवून मूळ पुरवठादाराकडे किंवा ते सांगतील तिथे पाठवायचं. अर्जात स्रोताचा क्रमांक, मूळ क्षमता आणि ती कोणत्या तारखेची, हे तिन्ही लागतं.